लॅपटॉप रीस्टार्ट केला की दुसऱ्या कॉम्प्युटरचं इंटरनेट जातं

काठावरचा:

नमस्कार मंडळी. घरात दोन कॉम्प्युटर आहेत. लॅपटॉपवर विंडोज १० आहे आणि तो वायफायने राउटरला जोडलेला आहे. दुसरा जुना डेस्कटॉप, विंडोज ७ वाला. त्यात वायफाय कार्ड नाही आणि राउटरपासून त्या खोलीपर्यंत वायर नेता येत नाही. म्हणून दोघांमध्ये सरळ लॅन केबल टाकली, लॅपटॉपवर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'शेअरिंग'ची टिक लावली आणि डेस्कटॉपला इंटरनेट आलं.

पण लॅपटॉप रीस्टार्ट केला की डेस्कटॉपवर पिवळा त्रिकोण येतो. लॅपटॉपवर पाहावं तर टिक जिथल्या तिथे. ती काढायची, ओके करायचं, परत लावायची, मग इंटरनेट सुरू. लॅपटॉपचं स्वतःचं इंटरनेट या सगळ्यात कधीच जात नाही.

शिवाय सकाळी डेस्कटॉप चालू केला की टिकेचं सगळं सोपस्कार करूनही मेल उघडत नाही. 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असं पान येतं. एखादं जुनं साधं पान मात्र उघडतं. आणि दोन्ही कॉम्प्युटरवरून एकमेकांना पिंग केलं (म्हणजे 'आहेस का?' अशी हाक दिली) तर कुणाकडूनच उत्तर येत नाही, अगदी इंटरनेट चालू असतानासुद्धा.

धाकट्या बहिणीचा सगळा अभ्यास त्या डेस्कटॉपवर असतो आणि दर वेळी ती मला हाक मारते. मी घरी नसलो की तिचं काम अडतं. कायमचा इलाज हवा आहे.

चौकट:

दोन कॉम्प्युटर समोरासमोर जोडायचे तर साधी केबल चालत नाही, क्रॉसओव्हर केबल (एका टोकाच्या तारा अदलाबदल केलेली) लागते. आधी ती बदलून बघा.

प्रयोगशाळेची किल्ली:

केबलवर खर्च करू नका. क्रॉसओव्हरची गरज जुन्या १०/१०० मेगाबिटच्या नेटवर्क कार्डांना असायची. गिगाबिट कार्ड कोणती तार कुठे आहे हे स्वतःच ओळखून घेतं, आणि दोन टोकांपैकी एक जरी असं असलं तरी साधी केबल पुरते. शिवाय टिक काढून लावल्यावर इंटरनेट येतं, म्हणजे तार धड आहे हे तिथेच सिद्ध झालं.

मी एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळते. तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्यांदा एकच गोष्ट शिकवते: काहीही बदलण्याआधी पत्ता वाच. कॉम्प्युटरला कोणता आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळालाय यावरून निम्मं निदान होतं. लोक मात्र आधी केबल बदलतात, मग ड्रायव्हर, मग अख्खं विंडोज नव्याने टाकतात, आणि शेवटी कशामुळे बरं झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

तर आता लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि त्रिकोण आल्यावर टिकेला हात लावू नका. डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवा आणि आयपी, डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा दरवाजा), डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा) या तीन ओळी इथे लिहा. मग टिक काढून-लावून इंटरनेट आलं की तेच पुन्हा करा. त्याच वेळी ८.८.८.८ ला (हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता) पिंग करून बघा.

सकाळी ते 'खाजगी नाही'चं पान येईल तेव्हा डेस्कटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहा. वेळ नाही, तारीख. वर्षासकट.

काठावरचा:

पाहिलं. त्रिकोण असताना आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा, गेटवे रिकामा. टिक पुन्हा लावल्यावर आयपी १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा, गेटवे १९२.१६८.१३७.१ आणि डीएनएसही तोच. ८.८.८.८ कडून पिंगला उत्तर आलं.

आणि तारीख १ जानेवारी २००९! रात्री आम्ही त्या खोलीतला मेन स्विच बंद करतो. दुपारपर्यंत कुणीतरी तारीख नीट करतं, त्यामुळे माझ्या ती कधी नजरेसच पडली नाही. पण याचा मेलशी काय संबंध?

प्रयोगशाळेची किल्ली:

मग तुमच्याकडे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. एकाचा इलाज दुसऱ्यावर करून उपयोग नाही.

आधी तारीख, कारण ते नेटवर्कचं दुखणंच नाही. सुरक्षित साइट उघडताना ब्राउझर समोरच्याचं प्रमाणपत्र तपासतो आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. तुमच्या डेस्कटॉपच्या लेखी २००९ साल चालू आहे, म्हणजे आजची सगळी प्रमाणपत्रं त्याला अजून सुरूच न झालेली दिसतात. साध्या एचटीटीपी पानाला प्रमाणपत्र नसतं, म्हणून ते उघडतं. मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती सीआर२०३२ असते, ३ व्होल्टची. पॉवरची वायर पूर्ण काढून मगच बदला. बायोसची (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग जाईल ही भीती नको, ती रोज रात्री तशीही मूळपदावर जात असणार.

इंटरनेट आल्यावर विंडोज घड्याळ आपोआप का नीट करत नाही, असं वाटेल. घरगुती कॉम्प्युटरवर ती सेवा १५ तासांपेक्षा जास्त फरक असेल तर स्वतःहून दुरुस्ती करत नाही, तसं तिला मुळात ठरवून दिलेलं आहे. इथे तर वर्षांचा फरक आहे. तेव्हा बॅटरी येईपर्यंत तारीख हातानेच लावायची, आणि हे बहिणीलाही दाखवून ठेवा.

आता त्रिकोण. १६९.२५४ हा पत्ता कुणी दिलेला नसतो. डेस्कटॉप 'मला पत्ता द्या' म्हणून विचारतो, कुणीच उत्तर देत नाही, तेव्हा तो स्वतःच त्या पट्ट्यातला एक पत्ता घेतो. तुमच्या घरात त्याला पत्ता देणारा एकच आहे, तो म्हणजे शेअरिंग करणारा लॅपटॉप. टिक दिसतेय पण पत्ता मिळत नाही, याचा अर्थ टिकेमागची सेवा चालू नाही. विंडोज १० मध्ये शेअरिंगमधून काही मिनिटं वाहतूक झाली नाही तर ही सेवा थांबते आणि रीस्टार्टनंतर आपणहून उठत नाही. यावर मायक्रोसॉफ्टनेच उपाय दिलेला आहे, दोन्ही गोष्टी लॅपटॉपवर करायच्या.

एक, 'सर्व्हिसेस' उघडून 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' शोधा आणि स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' करा. दोन, रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, शेअर्ड ॲक्सेस असं आत जा. तिथे 'इनेबल रीबूट पर्सिस्ट कनेक्शन' या नावाची ३२ बिटांची डीवर्ड नोंद बनवून किंमत १ द्या. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये कुठेही जागा न सोडता, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. आत शिरण्याआधी फाइल मेनूतून रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा. मग टिक शेवटची एकदा काढून लावा आणि रीस्टार्ट करून पाहा.

राहिलं पिंग. विंडोजचं फायरवॉल बाहेरून आलेल्या पिंगला सहसा उत्तरच देत नाही, म्हणून 'उत्तर नाही' म्हणजे 'जोडणी नाही' असं धरू नका. फायरवॉलला हात न लावता खात्री करायची असेल तर पिंग केल्यावर लगेच कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आर्प -ए' चालवा. समोरच्या कॉम्प्युटरच्या आयपीपुढे त्याचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक) दिसला की दोघं एकमेकांना सापडले. आर्पला फायरवॉल अडवत नाही. पिंग हवंच असेल तर फायरवॉलच्या इनबाउंड नियमांत 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'खालचा आयसीएमपीव्ही४ चा इको रिक्वेस्ट (हाच पिंगचा नियम) चालू करा, फक्त प्रायव्हेट प्रोफाइलसाठी. अख्खं फायरवॉल बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

एक गोष्ट मात्र करू नका. १३७ वाला पत्ता आवडला नाही म्हणून तो बदलून राउटरच्या पट्ट्यातला देऊ नका. दोन्ही बाजूंना एकच पट्टा झाला की कोणतं पाकीट (डेटाचा तुकडा) वायफायने पाठवायचं आणि कोणतं केबलने, हे लॅपटॉपला ठरवता येत नाही.

पेंग्विनपंखा:

ताईंनी सगळं सांगितलंच आहे. पुढेमागे लॅपटॉपवर लिनक्स टाकलंत तर नेटवर्क मॅनेजरमध्ये केबलच्या कनेक्शनला आयपीव्ही४ साठी 'शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स' निवडा. तिथे पट्टा १०.४२.० चा असतो आणि लॅपटॉप १०.४२.०.१ होतो. रीस्टार्टनंतरही टिकतं. शेअरिंगऐवजी ब्रिज केला, म्हणजे वायफाय आणि केबल मिळून एकच नेटवर्क केलं, तर नाही का चालणार, ताई? मग राउटरच सगळ्यांना पत्ता देईल.

प्रयोगशाळेची किल्ली:

दोन्हीकडे केबल असेल तर ब्रिज उत्तम. इथे एक बाजू वायफाय आहे. साधं वायफाय कार्ड राउटरकडे फक्त स्वतःच्या मॅक ॲड्रेसने बोलू शकतं, मागे बसलेल्या दुसऱ्या यंत्राची ओळख त्याला जशीच्या तशी पुढे नेता येत नाही. काही ड्रायव्हर पत्ते बदलून वेळ मारून नेतात, पण त्याच्या भरवशावर कुणाचा अभ्यास ठेवू नये. शेअरिंगमध्ये बाहेर जाणारं सगळं लॅपटॉपच्याच नावाने जातं, म्हणून वायफायवर तेच बरं.

काठावरचा:

सर्व्हिस ऑटोमॅटिक केली, नोंद टाकली, बॅटरी बदलली. लॅपटॉप बंद-चालू केल्यावर डेस्कटॉपला आपोआप १३७ चा पत्ता मिळाला. रात्रभर मेन स्विच बंद ठेवूनही सकाळी तारीख बरोबर होती आणि मेल उघडला. 'आर्प -ए'मध्ये डेस्कटॉप दिसतोय, त्यामुळे पिंगचा नियम उघडलाच नाही. बहिणीने तुम्हाला खास धन्यवाद सांगितलेत.

आता तिला तिच्या फाइल लॅपटॉपवर ठेवायच्या आहेत. नेटवर्कमध्ये लॅपटॉप दिसत नाही. काय करू?

प्रयोगशाळेची किल्ली:

छान झालं, तिला शुभेच्छा सांगा.

फोल्डरसाठी नेटवर्कच्या यादीत शोधत बसू नका, ती यादी भरवशाची नाही. लॅपटॉपवर फोल्डर शेअर करा, केबलच्या नेटवर्कचं प्रोफाइल प्रायव्हेट ठेवा, आणि डेस्कटॉपवर एक्सप्लोररच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) देऊन पुढे १९२.१६८.१३७.१ लिहा. नाव आणि पासवर्ड मागेल तो लॅपटॉपवरच्या खात्याचा. पिन चालत नाही, पासवर्डच लागतो. त्यापेक्षा बहिणीसाठी लॅपटॉपवर पासवर्डसकट वेगळं स्थानिक खातं काढा आणि फोल्डरवर फक्त त्यालाच परवानगी द्या. 'एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा' असा सल्ला कुठे वाचलात तर सोडून द्या. विंडोज ७ ला एसएमबी २ येतं, जुन्याची गरज नाही.

विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं. यंत्र पेलत असेल तर नवीन प्रणाली टाका, नाहीतर पेंग्विनपंखांना विचारून एखादं हलकं लिनक्स. तोवर तिच्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर असू द्या.