वर्षाचं धान्य भरता की महिन्याचं आणता? काय किती टिकतं, अनुभव लिहा

घोडबंदर रोड, ठाणे
आमच्याकडे दर मे महिन्याचा वाद सुरू झालाय. सासूबाईंना गहू, तांदूळ, तूरडाळ वर्षाचं भरायचंच असतं आणि नवरा म्हणतो की खाली दुकान आहे, फोन केला की माल वर येतो, मग एवढ्याशा फ्लॅटमध्ये कोठ्या कशाला. मला दोघांचंही पटतं हा माझा प्रॉब्लेम :) खाडी जवळ असल्यामुळे जुलैत आमच्याकडे मीठसुद्धा ओलं होतं, म्हणून ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा, राहता कुठे तेही लिहा.

नौपाडा
सासूबाईंच्या बाजूने एक मत. गहू आणि तूरडाळ वर्षाची, तांदूळ सहा महिन्यांचा. गहू कडक उन्हात दोन दिवस द्यायचा आणि मग रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्यायचा, गरम गरम डब्यात भरला की झाकणाला आतून घाम येतो आणि तिथूनच वास धरतो. तूरडाळीला एरंडेल, पण ओतायचं नाही, तळहाताला चोळून घ्यायचं आणि मग डाळीत हात फिरवायचा, दाण्याला नुसती चमक दिसली पाहिजे, बोटाला चिकटायला लागली म्हणजे जास्त झालं. तांदूळ मात्र उन्हात टाकू नका, दाणा तडकतो आणि भाताच्या कण्या होतात, सावलीतच पसरायचा. कडुनिंबाचा पाला घालणार असाल तर सावलीत कुरकुरीत वाळवलेला हवा, ओला पाला घालून आपणच ओल आत नेतो. आमची आई बिब्बे घालायची, पण त्याचं तेल अंगावर उतलं की फोड येतात, घरात लहान मुलं असतील तर नकोच.

वाशी
मामा दाणाबंदरात कामाला होते त्यामुळे हे लहानपणापासून ऐकतोय. लोक म्हणतात डबा घट्ट होता तरी सोंडे आत गेले कसे, अहो ते आतच होते! सोंडकिड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते, वरून तांदूळ एकदम स्वच्छ दिसतो, आणि आपल्या हवेत महिना-सव्वा महिन्यात दाणा पोखरून किडा बाहेर. म्हणून मी जास्त दिवस ठेवायचा माल आणल्या आणल्या पिशवी घट्ट बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये टाकतो, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आधी घरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर सगळं पाणी दाण्यावर धरतं.

घोडबंदर रोड, ठाणे
दादा, वर्षाचा तांदूळ फ्रीजरमध्ये मावणार कसा? आमच्यात आइस्क्रीम आणि मटारच मावत नाहीत.

वाशी
वर्षाचा नाही हो, पाच किलोची पिशवी. वर्षाचा भरायचा असेल तर नौपाडावाल्या ताईंचं ऐका.

कळवा
रवा मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून, काचेच्या बरणीत. पोहे महिन्याचेच. साखरेत चार लवंगा टाका म्हणजे मुंग्या येत नाहीत म्हणतात, आमच्या मुंग्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

कोपरखैरणे
पिठांबद्दल कोणीच लिहिलं नाही. गव्हाचं पीठ पावसाळ्यात तीन आठवडे चालतं, ज्वारीचं त्याहून कमी, आणि बाजरीचं आठवड्याच्या वर ठेवूच नका. बाजरीत तेल जास्त, दळलं की ते हवेला उघडं पडतं आणि पीठ कडू होतं, भाकरी तोंडात घेतल्याबरोबर कळतं. लोक गिरणीवाल्याशी भांडतात, त्याचा काही दोष नसतो. बाजरी आख्खी ठेवा, लागेल तशी दळून आणा.

ऐरोली
मसाल्याचं सांगते. एप्रिलमध्ये मिरच्या वाळवून डंकावर कुटून आणते, घरी आणल्यावर परातीत पसरून गार करते आणि मग बरणीत दाबून दाबून भरते, मध्ये पोकळी राहायला नको. वर हिंगाचे खडे, बरणीच्या तोंडाला दादरा आणि त्यावर झाकण. रोजच्या वापराचं छोट्या डब्यात काढून घ्यायचं, मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडायची, तीही कोरड्या हाताने आणि बाहेर पाऊस कोसळत नसेल अशा दिवशी. आणि कृपा करून मसाल्याचे डबे गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका, वाफेनं गुठळ्या होतात आणि रंग उडतो. इंटिरियरवाले नेमकी तिथेच फळी देतात!

खारघर
फूड टेक्नॉलॉजी शिकलेय म्हणून थोडं. पाकिटावर बेस्ट बिफोर असेल तर ती चव-कुरकुरीतपणाची तारीख, त्यानंतर वस्तू लगेच विषारी होत नाही. एक्सपायरी किंवा यूज बाय असेल तर मात्र त्यानंतर खाऊ नका. आणि दोन्ही तारखा न फोडलेल्या पाकिटाच्या, फोडल्यावर हिशोब बदलतो. मीठ, साखर, मध यांना सुरक्षिततेच्या दृष्टीने जवळजवळ वयच नाही, फक्त ओल लागू द्यायची नाही (मध एक वर्षाखालच्या बाळाला द्यायचा नाही, ते वेगळ्या कारणासाठी).

शेंगदाण्याला बुरशी दिसली, काळा-हिरवा पडला किंवा सुरकुतला तर निवडत बसू नका, टाका. त्या बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही, आणि कूट केल्यावर तर दिसतही नाही. सुकं खोबरं खवट झालं तरी लोक वाटणात ढकलतात, मला ते अजिबात पटत नाही.

नौपाडा
आणि बोरिक पावडर? आमच्या शेजारच्या काकू अजून तांदळाला लावतात.

खारघर
काकूंना सांगा ती खायची वस्तू नाही, कॅरम बोर्डवर टाका. त्याहून वाईट म्हणजे गोडाऊनमध्ये वापरतात त्या गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन वायू निघतो आणि बंद घरात त्यानं माणसं मेलीत. कोणी ओळखीतून आणून दिल्या तरी घरात घेऊ नका.

घोडबंदर रोड, ठाणे
बाप रे. सासूबाईंना हे वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या आमच्या एरंडेलालाच हसत होतात ना! कडव्या वालांचं कोणी सांगेल का? आमचे दरवर्षी भुंगे खातात.

उलवे
आजोळी अलिबागकडे वाल राखेत घोळून ठेवायचे, आता राख आणायची कुठून. मी उन्हात देऊन प्लॅस्टिकच्या बाटल्यांत तोंडापर्यंत भरते, हवा कमी राहते. पण घेतानाच बघून घ्या. मूठभर वाल उजेडात धरायचे, दाण्यावर पांढरे बारीक ठिपके चिकटलेले दिसले तर ती भुंग्यांची अंडी. तिथेच परत द्यायचे, दुकानदार कितीही म्हणाला की पावडर आहे, झटकली की जाते.