सातपुड्यातले किल्ले आणि गावं : तुम्ही काय पाहिलं?

दिवाळीनंतर बाबांना घेऊन गाविलगडावर गेले. बाबा ७४ वर्षांचे. चिखलदऱ्याला आम्ही माझ्या लहानपणापासून जातो, पण दरवेळी देवी पॉइंट, भीमकुंड, रबडी आणि संध्याकाळी परत. गड समोर दिसायचा, आत जाणं व्हायचं नाही. यावेळी मोथा गावात खवा घ्यायला थांबलो, तर तिथल्या गवळी मावशींनी विचारलं, "काकाजी, आमचा गड पाहिला की नाही?" तो 'आमचा' बाबांना लागला. गवळ्यांवरूनच गडाचं नाव पडलं असं म्हणतात. दगडी बांधकाम बहामनी सुलतान अहमदशहाच्या काळातलं, १४२५ च्या सुमाराचं. दरवाज्यावरचा दोन तोंडांचा गंडभेरुंड बाबा किती तरी वेळ पाहत राहिले. देवतळ्याच्या काठी भाकर-ठेचा खाल्ला. बाबा फार कमी बोलले त्या दिवशी, पण घरी आल्यावर आठ दिवस तेच सांगत होते.

तुम्ही कुठं गेलात? मेळघाट, नरनाळा, मुक्तागिरी, अचलपूर, काहीही चालेल. अंतर, भाडं, हॉटेल नको, ते कुठंही मिळतं. तिथं कोण भेटलं, काय कळलं ते लिहा.

आकोटहून
नरनाळ्याले आमच्याकडं नरनाया म्हणते. आमच्या गच्चीवरून त्याचा डोंगर दिसते, पन मी पयल्यांदा गेलो चाळीशीत. दुपारी उशिरा निघालो, शहानूरच्या गेटवरूनच वापस आलो. अंधाराच्या आंत खाली उतरा लागते, वाघाचं जंगल हाये, गेटवाल्याईचं बराबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचलो. महाकाली दरवाजा पायला अन् बोलनंच बंद झालं. दगडाची अशी जाळी, अशी कमळं, अन् वरतं लेख. १४८७ चा हाये तो. ज्यानं बांधला तो फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क तवा बहामनीचा सुभेदार, मंग वऱ्हाडात त्यानं सोताची इमादशाही उभी केली. संगं गावातला गाइड पोरगा होता. पान्याच्या तयी (तळी), नऊगजी तोफ, सारं त्यानंच दाखवलं, नाही तं आमी अर्ध्यातूनच वापस आलो असतो.

एक गोष्ट जिवाले लागली. भितीवर कोनीतरी खिळ्यानं नाव कोरलं हाये. माही पोरगी म्हणे, "बाबा, हे बी जुनं हाये का?" मले जवाब देता आला नाही.

माहेर अंजनगाव सुर्जी
शाळेत 'सुर्जी-अंजनगावचा तह' पाठ केला होता. ते अंजनगाव म्हणजे आपलं, पानमळ्यांचं, हे कोणी सांगितलंच नव्हतं! गाविलगडावर उभी राहिले आणि खालचं मैदान पाहिलं तेव्हा सगळं जुळलं. इंग्रजांनी जड तोफा डोंगरातून ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या, तिकडची तटबंदी फोडली आणि आतला तट शिड्या लावून चढले. १५ डिसेंबर १८०३. नागपूरकर भोसल्यांचे किल्लेदार बेनीसिंग लढताना पडले. दोनच दिवसांनी देवगावला भोसल्यांचा तह झाला, ३० डिसेंबरला आमच्या गावी शिंद्यांचा. भोसल्यांचा कटक प्रांत गेला तो या डोंगरातल्या पराभवानं. गाविलगड आणि नरनाळा मात्र तहात त्यांच्याकडेच राहिले. मी हे माझ्या भाचरांना तिथंच, तटावर बसवून सांगितलं. पुस्तकातल्या तारखा कंटाळवाण्या वाटतात त्यांना, तिथं एकही पोर उठलं नाही.

मेळघाटात नऊ वर्षं शिक्षक होतो
किल्ल्यांबद्दल सगळे लिहितील, मी वाटेवरच्या गावांबद्दल लिहितो. कोरकू आदिवासींच्या गावात घरं समोरासमोर दोन रांगांत असतात, मधली वाट झाडून लख्ख. 'सिपना' ही फक्त नदी असं मला वाटायचं. तिसरीतल्या मुलीनं सांगितलं, "गुरुजी, सिपना म्हणजे साग." मग त्या नदीकाठचं सागाचं जंगल मी वेगळ्याच डोळ्यांनी पाहिलं. होळीनंतर फगवा, म्हणजे होळीचे पैसे मागायला पोरं-बायका रस्त्यात अडवतात. तेव्हा रागावू नका, खाली उतरा, थोडं द्या, नाच पाहा.

पर्यटकांच्या गाड्या गावातून जातात, काच खाली होते, मोबाइल बाहेर येतो. एकदा काही मंडळी विचारता विचारता सरळ अंगणात शिरली. माझ्या विद्यार्थ्याची आजी काहीतरी म्हणाली आणि त्याचा अर्थ मला मराठीत सांगावा लागला : "आम्ही तुमच्या अंगणात असे येऊ का?" मला तो प्रश्न सांगताना जड गेलं होतं. अजून जातं.

वरुडहून
मुक्तागिरीबद्दल थोडंसं. डोंगराला बिलगलेली ५२ जैन मंदिरं, मधून धबधबा. हद्द मध्य प्रदेशची, बैतूल जिल्हा, पण आम्ही परतवाड्यावरून जातो. श्रावणात पायऱ्या फार निसरड्या होत्या, आजीला दोघांनी धरून न्यावं लागलं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन आश्विनात जा, धारही असते आणि पायऱ्याही सुकलेल्या.

अमरावतीहून, पुन्हा मीच
बाबांना सगळं वाचून दाखवलं. गुरुजींचं दोनदा वाचायला लावलं. आता पुढच्या महिन्यात नरनाळा ठरलाय. आकोटचे दादा, तो गाइड मुलगा रविवारी असतो का?

आकोटहून
असते ताई. पानी संगं घ्या, वरतं काही भेटत नाही. अन् काकाजीले सांगा, दरवाज्याच्या सावलीत बसाले जागा हाये, लय गार वाटते तिथं.