तीन वर्षांचं मूल ‘मी करलं’ म्हणतं: चूक की नियम? पालकसभेत काय सांगावं?

किनारा_अंगणवाडी

नमस्कार मंडळी. वेंगुर्ला तालुक्यातल्या एका अंगणवाडीत पालकसभेला ‘मूल बोलायला कसं शिकतं’ हा विषय घेतला आहे. मुलं अडीच ते पाच वर्षांची, बहुतेकांच्या घरी मालवणी. पालक नेहमी विचारतात की ‘मी करलं’, ‘बाबा जाला’ असं बोललं की टोकायचं का, घरी मालवणी सोडून मराठी बोलावं का, आणि उशिरा बोलणाऱ्या मुलासाठी किती थांबायचं. पुस्तकांत भाषा शिकण्याचे सिद्धांत मांडणारे स्किनर, चॉम्स्की, टॉमासेलो भेटतात, पण उदाहरणं सगळी इंग्रजी. आपल्या मुलांच्या ‘करलं’ला यातला कुठला सिद्धांत लागू पडतो?

रूपविचार

ताई, सभेची सुरुवात ‘करलं’पासूनच करा. घरात कोणीही ‘करलं’ म्हणत नाही, मग मुलाने ते ऐकलं कुठे? कुठेच नाही. बस-बसलं, पड-पडलं, उठ-उठलं हे ऐकून त्याने भूतकाळाचा प्रत्यय सुटा केला आणि सगळ्या धातूंना लावला. म्हणून करलं, जाला, देलं, सांगलं. (‘पिलं’ मोजू नका, ते मोठी माणसंही म्हणतात.)

यातला क्रम पालकांना चकवतो. दोन वर्षांचं मूल आधी ‘केलं’ असं बरोबर म्हणतं, कारण तो अख्खा शब्द पाठ झालेला असतो. नियम सापडला की ‘करलं’ सुरू होतं. मग काही काळ दोन्ही चालतात आणि शेवटी ‘केलं’ पक्कं होतं. मधल्या टप्प्यात पालकांना वाटतं मूल मागे गेलं, पण ते पुढे गेलेलं असतं.

स्किनरची १९५७ सालची मांडणी अशी की भाषा अनुकरण आणि शाबासकी यांतून सवयीसारखी घडते. चॉम्स्कीने १९५९ साली तिच्यावर कडाडून टीका केली. त्याचं म्हणणं, कानावर पडतं ते तुटपुंजं असतं, तरी मूल नवी वाक्यं रचतं, म्हणजे व्याकरणाची काही तयारी जन्मजात असली पाहिजे. ‘करलं’ नुसत्या अनुकरणाने समजावता येत नाही, एवढं नक्की.

हे डोळ्यांनी पाहायचं तर जीन बर्कोने १९५८ साली केलेला प्रयोग मराठीत करून बघा. तिने ‘वग’ नावाचा काल्पनिक प्राणी दाखवून मुलांकडून त्याचं अनेकवचन काढून घेतलं. शब्दच बनावट, त्यामुळे पाठांतराचा संशय उरत नाही. आपल्याला तीन लिंगांसाठी तीन चित्रं लागतील: हा टुबा, ही गिमी, हे झिबकं. मग जोडीचं चित्र दाखवून ‘आता हे दोन…’ म्हणून थांबा. टुबे, गिम्या, झिबकी आलं की अनेकवचनाचा नियम हाताशी आहे. पुढे ‘मांजर कुणाला घाबरलं?’ विचारा. ‘टुबाला’ आलं तर सामान्यरूप (प्रत्ययाआधी नामाचं बदलणारं रूप) अजून बसलेलं नाही, ‘टुब्याला’ आलं तर बसलं. अनेकवचन चुकूनही स्वतः उच्चारू नका. आणि ‘लोट’सारखा व्यंजनान्त पुल्लिंगी शब्द घेऊ नका. दगड-दगडप्रमाणे त्याचं अनेकवचन तेच राहतं, मग काहीच कळत नाही.

ऐकीव_व्याकरण

वरचं पटतं, पण ‘करलं’चं सगळं श्रेय जन्मजात व्याकरणाला देऊ नका. नियम ऐकण्यातूनही उपसता येतो. सॅफ्रन, ॲस्लिन आणि न्यूपोर्ट यांनी १९९६ साली आठ महिन्यांच्या बाळांना अर्थ नसलेल्या अक्षरांची सलग साखळी फक्त दोन मिनिटं ऐकवली. कुठलं अक्षर कुठल्या अक्षरामागे हमखास येतं, एवढ्यावरून बाळांनी त्यातले ‘शब्द’ वेगळे ओळखले.

टॉमासेलोने स्वतःच्या मुलीच्या बोलण्याची नोंद ठेवून १९९२ साली दाखवलं की सुरुवातीला मूल प्रत्येक क्रियापद बेटासारखं वेगळं शिकतं. एकाच आठवड्यात ‘दे’ची चार रूपं येतील आणि ‘उघड’ मात्र नुसतं आज्ञेतच अडकलेलं असेल. ‘अजून भात’, ‘अजून पाणी’, ‘आंघोळ नको’, ‘टोपी नको’ हे साचे आधी, व्यापक नियम मागाहून. माझ्या मते अडीच वर्षांपर्यंतच्या बोलण्याला हे वर्णन चॉम्स्कीपेक्षा जवळचं बसतं. वाद मिटलेला नाही, तेव्हा सभेत कुणा एकाला विजयी ठरवू नका.

टोकण्याबद्दल एक निरीक्षण महत्त्वाचं. ब्राउन आणि हॅनलन यांना १९७० साली आढळलं की आईवडील शाबासकी देतात ती बोलणं खरं असेल तर, व्याकरण बरोबर असेल तर नव्हे. म्हणजे मुलं टोकण्याच्या जोरावर व्याकरण शिकत नाहीत.

माका_तुका

रूपविचार, तुमचा ‘टुबा’ वेंगुर्ल्यात घोटाळा करेल. मालवणीत पुल्लिंगी नाम ओकारान्त असतं: आंबो, घोडो, मासो. शेवटी ‘आ’ आला तर कानाला ते नपुंसकलिंगी लागतं, जसं केळा, अनेकवचन केळी. तेव्हा ‘दोन टुबी’ असं उत्तर आलं तर ते घरच्या व्याकरणाने चोख आहे. शब्द ‘टुबो’ घ्या आणि प्रश्नही मालवणीतच विचारा.

वर्गातही हेच होतं. मूल ‘काय झाला?’, ‘पाणी इला’ म्हणतं आणि बाईंना ती लिंगाची चूक वाटते. मालवणीत ‘झाला’, ‘इला’ ही नपुंसकलिंगी रूपं आहेत, पुल्लिंगी ‘झालो’, ‘इलो’. मुलाने लिंग अचूक साधलंय, फक्त मराठीत तोच ‘आ’ पुल्लिंगाचा आहे. ‘मी जातंय’चंही तसंच. मुलगा असो की मुलगी, मालवणीत रूप एकच, त्यामुळे जातो-जाते हा भेद शाळेत नव्याने शिकावा लागतो. त्याला वेळ द्या.

‘करलं’ आणि ‘काय झाला’ एका पारड्यात घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. पहिलं वयाबरोबर जातं. दुसरं चूकच नाही. घरची मालवणी बंद करायला तर अजिबात सांगू नका. आजीशी भरभरून चालणारं बोलणं जातं आणि पालकांना जेमतेम जमणारी मराठी मुलाच्या वाट्याला येते.

किनारा_अंगणवाडी

‘काय झाला’चं असं कधी ध्यानातच आलं नव्हतं. आता दोनच गोष्टी: टोकायचं नाही तर नेमकं म्हणायचं काय? आणि मोबाइलवरच्या गाण्यांनी भाषा येते का?

वाचा_श्रवण

मूल म्हणालं ‘मी होडी करली’, तर ‘हो का, तू होडी केलीस? कागदाची केलीस?’ असं म्हणा. बरोबर रूप दोनदा कानावर पडलं, गप्पाही तुटल्या नाहीत. मग मनात पाच आकडे मोजून थांबा. बहुतेक मोठी माणसं इथेच घाई करतात आणि मुलाची पाळी खातात. ‘म्हण, केली म्हण’ नको. चारदा तसं झालं की मूल बोलणंच आवरतं घेतं.

उच्चारांनाही हेच लागू. गाडीची ‘दाडी’, काकाचा ‘ताता’ साडेतीन वर्षांपर्यंत चालतं. र आणि ळ त्याहून उशिरा येतात. मुलाला फरक ऐकू येतो, जीभ मागे राहते. बर्को आणि ब्राउन यांनी १९६० साली नोंदवलेलं मूल माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचं, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलं की नाकारायचं. म्हणून बोबडं बोलून दाखवू नका.

मोबाइलबद्दल: पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेची १२ सत्रं दिली. समोर माणूस बसून खेळला त्या बाळांना चिनी ध्वनींतला फरक कळू लागला. तीच माणसं पडद्यावर पाहिलेल्या बाळांना काही फायदा झाला नाही.

थांबायचं कधी नाही, ते फळ्यावर लिहाच. १२ महिन्यांत बडबड नाही किंवा बोट दाखवणं नाही, १६ महिन्यांत एकही शब्द नाही, दोन वर्षांत ‘आई ये’सारखी स्वतःची दोन शब्दांची जोडी नाही, किंवा कुठल्याही वयात येत असलेलं बोलणं गेलं, तर तपासणी लगेच. शब्द मोजताना मालवणी आणि मराठी मिळून मोजा. नुसते मराठी मोजले तर धडधाकट मूल मागे पडलेलं दिसतं. आणि उलट, ‘घरात दोन भाषा म्हणून उशीर’ असं म्हणून खरा उशीर झाकूही नका. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही.

पहिली तपासणी कानांची. टाळी किंवा ताट वाजवून पाहणं पुरेसं नाही. काही श्रवणदोषांत मोठा आवाज ऐकू येतो, पण स, श, फ निसटतात. कानात पाणी साचून आलेला बहिरेपणा तर कमी-जास्त होत राहतो, म्हणून घरच्यांना वाटतं मूल मुद्दाम दुर्लक्ष करतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांच्याकडून पुढे पाठवणी होते. पथक येण्याआधी त्या मुलाचं खेळतानाचं २० मिनिटांचं बोलणं पालकांच्या परवानगीने फोनवर टिपून ठेवा, घरच्या भाषेतलं. ओळीने लिहून काढा आणि ऐकून लगेच नक्कल केलेल्या शब्दांपुढे फुली मारा. अनोळखी माणसांसमोर मूल हमखास गप्प बसतं, तेव्हा ही वहीच कामाला येते.