अचूकतेचा आकडा आणि पुण्याचा पावसाळा
तापमान, आर्द्रता आणि दिवसाची वेळ एवढ्या माहितीवर रँडम फॉरेस्टने (अनेक निर्णयवृक्षांचा एकत्रित कौल घेणाऱ्या संगणकीय पद्धतीने) सौर प्रारणाचा, म्हणजे जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेचा, उत्तम अंदाज येतो, असा दावा केला जातो. तो आकड्यापुरता खरा असेल. मात्र त्या यशाचा मोठा वाटा सूर्याच्या उगवण्या-मावळण्याचा आहे आणि तो खगोलगणिताने कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय मिळतो. म्हणून मोजलेल्या प्रारणाला निरभ्र आकाशाच्या गणिती प्रारणाने भागून येणाऱ्या गुणोत्तराचा अंदाज करावा, आणि ‘आत्ताचे गुणोत्तरच तासाभराने राहील’ या साध्या गृहीतकापेक्षा मॉडेल किती सरस ठरते ते पाहावे.

सूर्याची भूमिती आणि ढगांचा परिणाम यांतला हा भेद पुण्यात विशेष जाणवतो. येथे सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, माध्यान्ही डोक्यावर येतो. भूमिती तीच, पण दुसऱ्या वेळी मोसमी ढगांमुळे जमिनीवर पोहोचणारी ऊर्जा बरीच कमी असते. वर्षभराच्या नोंदी सरसकट मिसळून चाचणी घेतली, तर हिवाळ्यातले स्वच्छ दिवस पावसाळ्यातल्या चुका झाकून टाकतात. शिवाय तुटक ढगांच्या कडांवरून विखुरलेला प्रकाश थेट उन्हात मिसळला, की पायरॅनोमीटरवर (प्रारण मोजणाऱ्या उपकरणावर) काही काळ निरभ्र आकाशापेक्षाही मोठा आकडा दिसतो. उपकरणाचा दोष समजून अशा नोंदी सरसकट गाळू नयेत.