अंब्रेला पामची टोकं करपतायत. बाल्कनीतल्या टबात पपायरस लावू का?

सातवा_मजला, पुणे

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात सोलापूर रोडच्या एका नर्सरीतून अंब्रेला पाम आणला. हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीशी ठेवलाय, प्लास्टिकची कुंडी, खाली बशी. दिवाळीपर्यंत झकास होता. आता छत्रीच्या प्रत्येक पात्याचं टोक वाळून तपकिरी झालंय आणि जुन्या दांड्या एकेक करून पिवळ्या पडतायत. नर्सरीवाल्याने "पाणी बेतानं घाला, मुळं कुजतील" असं बजावलं होतं, म्हणून आठवड्यातून दोनदाच घालते. तेही आरओचं वाया जाणारं पाणी, सासूबाई बादलीत धरून ठेवतात ते. कुंडीच्या काठाला पांढरट थर चढलाय. बुरशी असेल का?

दुसरं, बाल्कनीत दीड फूट खोल टब आहे, त्यात वॉटर लिली लावलीय. त्याच टबात पपायरस (पाण्यात वाढणारं, दांड्यांवर झुपके येणारं लव्हाळ्यासारखं झाड) लावायची फार हौस आहे. बाल्कनी पश्चिमेची, वारा भरपूर. सासूबाई म्हणतात, सोसायटीत आधीच डेंग्यूचे पेशंट, आणखी पाणी साठवू नकोस. त्यांचंही काही चूक नाही.

बांधावरचा, कराड

ताई, नर्सरीवाल्याने तुम्हाला उलटंच सांगितलं. हा पाम नाहीच, लव्हाळ्याच्या कुळातला आहे. दांडी चिमटीत धरून फिरवा, बोटांना कडा लागतील. मूळचा आफ्रिका-मादागास्करकडचा, ओढ्याकाठी चिखलात वाढणारा. आमची उभी हयात उसातला लव्हाळा खुरपण्यात गेली आणि आता त्याच्याच भावकीतलं झाड लोक पैसे मोजून दिवाणखान्यात ठेवतात. असो.

याला पाणी जास्त होत नाही. बशीत कायम दोन बोटं पाणी उभं पाहिजे. माती एकदा खडखडीत वाळली की पाती करपलीच म्हणून समजा.

तो थर बुरशीचा नाही, क्षारांचा. आरओ जे पाणी बाहेर टाकतं त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. कुंडीतलं पाणी उडतं, क्षार मागे राहतात, वरून तुम्ही पुन्हा तेच घालता. मुळांवाटे ते पात्याच्या टोकापर्यंत चढतात, तिथे साठतात, म्हणून जळायला सुरुवात टोकापासून होते. ते पाणी फरशी पुसायला ठेवा. कुंडी बाथरूममध्ये न्या आणि नळाचं साधं पाणी वरून चांगलं धो धो सोडा, खालून निघून जाऊ द्या. थोड्या वेळाने परत एकदा. करपलेली टोकं हिरवी होणार नाहीत, नवीन फूट मात्र स्वच्छ येईल.

पिवळ्या दांड्यांची काळजी नको. दांडीचं वय झालं की ती पिवळी पडते, शेजारून नवी येते. मात्र कापायची ती बुडापासून. नुसती छत्री छाटली तर खाली काठी उरते आणि त्या काठीला परत फूट येत नाही.

त्यातली एखादी छत्री अजून हिरवी असेल तर टाकू नका. खाली तीन-चार बोटं दांडी ठेवून कापा, पाती निम्मी छाटा आणि वाडग्यातल्या पाण्यात उलटी, दांडी वर करून, ठेवा. साधारण दोन ते चार आठवड्यांत पाती जिथे एकत्र येतात त्या मध्यभागातून पांढऱ्या मुळ्या खाली सुटतात आणि हिरवे कोंब दांडीच्या बाजूला वर वळतात. कोंब बोटाएवढे झाले की चिखलात लावा. बिया पेरत बसण्यापेक्षा हे सोपं.

डासांचं म्हणाल तर सासूबाईंचं ऐका. बशीत वरपर्यंत बारीक खडी भरा आणि पाणी खडीच्या खालीच राहील इतकंच ठेवा. डासाला उघडं पाणी दिसलं नाही की प्रश्न मिटला. तरी आठवड्याला बशी काढून घासायचीच, नुसती ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेच्या वर भांड्याला चिकटतात आणि कोरडी राहूनही टिकतात. टबात गप्पी मासे सोडा.

सरोवराकाठी, किसुमू

पपायरसवर मी बोलतो, कारण व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला नोकरी आहे आणि रोज तोच दिसतो. इथे हौस म्हणून कुणी लावत नाही. दोन पुरुष उंच वाढतो, बायाबापडे कापून चटया विणतात, छपराला घालतात. जमिनीतला गड्डा मनगटाएवढा जाड. जोराचा वारा सुटला की काठची बेटंच्या बेटं तुटतात आणि मुळांसकट सरोवरात तरंगत जातात, होड्यांची वाट अडते. हे प्रकरण पश्चिमेच्या वाऱ्यात, सातव्या मजल्यावर? पहिल्या वळवालाच दांड्या मोडून खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातील.

बुटका पपायरस मिळतो तो घ्या. दोन-अडीच फुटांवर थांबतो, वर तसाच झुपका, वाऱ्यात झुकतो पण सहसा मोडत नाही. नर्सऱ्यांत दोन्हींना "पपायरस" म्हणूनच विकतात, तेव्हा पूर्ण वाढलेलं झाड बघितल्याशिवाय घेऊ नका.

मांजरांची_आई, श्टुटगार्ट

इकडे हे घराघरांत असतं. मी तर मोठ्या काचेच्या बरणीत पाणी भरून कुंडी त्यातच बुडवून ठेवलीय. हिवाळ्यात हीटरच्या वर मात्र ठेवू नये, कोरड्या हवेने टोकं जातात आणि बारीक लाल कोळी लागतात. पाती ओल्या कपड्याने पुसत राहिलं की आटोक्यात राहतात. माझ्या बोक्याला हीच पाती आवडतात, तासभर चावत बसतो. यातली एक जात मांजरांसाठी म्हणून दुकानात विकतातसुद्धा. पात्याच्या कडा धारदार असतात, त्यामुळे जून पाती मी त्याच्या तोंडी लागू देत नाही.

सातवा_मजला, पुणे

सगळ्यांचे आभार! मोठ्या पपायरसचा नाद सोडला. आरओच्या पाण्याने फरशी पुसायची हे सासूबाईंना एकदम पटलं, पाणी वाया जात नाहीये ना! बुटका पपायरस लिलीच्याच टबात बसेल का? आणि माती कुठली घेऊ? घरी कोकोपीट आणि गांडूळखत पडून आहे.

बांधावरचा, कराड

कोकोपीट तरंगून वर येईल आणि टबाचा चहा होईल. गांडूळखत पाण्यात मिसळलं की शेवाळ, आठ दिवसांत हिरवंगार पाणी. विहिरीच्या गाळासारखी चिकण माती बघा, शेतातली काळीही चालेल. वेगळ्या कुंडीत आतून गोणपाट लावा, त्यात माती दाबून भरा, वर बोटभर खडी पसरा म्हणजे मासे माती उकरणार नाहीत. कुंडी विटेवर ठेवून उंची अशी धरा की काठावर चार बोटं पाणी राहील. खत द्यायचंच तर मुरलेल्या शेणखताची गोळी कागदात गुंडाळून चिखलात खोल दाबा.

लिलीला ऊन लागतं, तेव्हा झुपका टबाच्या भिंतीकडच्या बाजूला ठेवा. आणि कुंडीतच ठेवा, टबाच्या तळाशी मोकळा सोडू नका. वर्षा-दोन वर्षांत गड्डा कुंडी फोडायला बघतो. मग बाहेर काढून करवतीने दोन तुकडे करायचे, हाताने सुटत नाही. जादाचा तुकडा कुणाला तरी द्या किंवा वाळवून कचऱ्यात टाका. ओढ्या-नदीत मात्र सोडू नका. अंब्रेला पाम असा सुटून कुठे कुठे काठ धरून बसलाय, आणि काढायला गेलं की आमचा लव्हाळाच परवडला म्हणायची वेळ येते.

नदीपल्याड, सांगवी

ताई, माझ्याकडे बुटक्याचा तुकडा आहे. रविवारी सकाळी घेऊन जा, येताना गोणपाट आणा.