१९६६ ची फोर्ड मस्टँग: सस्पेन्शनमध्ये आधी काय बदलू?

प्रश्न: २८९ घन इंचाचं व्ही८ इंजिन, गाडी रस्त्यावरच चालवायची, रेसिंग नाही. वळणावर फार कलते आणि नाक बाहेर पळतं. थेट कॉइलओव्हर किट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला संच) घ्यावं का?

उत्तर १: एवढ्यात नको. आधी बुश (सांध्यांतल्या रबरी गाद्या), बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्यांची टोकं) तपासा. ते ढिले असतील तर महागडं किटही वाया. मग ‘शेल्बी ड्रॉप’ करा: वरचा कंट्रोल आर्म (चाक धरणारा वरचा दांडा) बॉडीला जिथे बसतो ती भोकं १ इंच खाली आणि १/८ इंच मागे. खर्च जवळपास ड्रिल बिटचाच, फरक मात्र मोठा. सोबत १ इंच जाडीचा पुढचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं कमी करणारा दांडा). स्प्रिंग काढताना ती दाबून धरणारा कंप्रेसर हवाच, तिथे जुगाड नको.

उत्तर २: सहमत. फक्त स्ट्रट रॉडला (खालच्या कंट्रोल आर्मला पुढून धरणारा दांडा) पॉलीयुरेथेनचे कडक बुश घालू नका. ते पुरेसे दबत नाहीत, सगळा ताण रॉडवर येतो आणि तो तुटू शकतो. तिथे रबरच बरं. आणि रबर बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच, नाहीतर रबर पिळवटून फाटतं.

प्रश्नकर्ता: अलाइनमेंट (चाकांचे कोन) किती ठेवू?

उत्तर १: रेडियल टायर असतील तर कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे कल) +२ ते +३ अंश, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे अर्धा अंश, टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली) १/८ इंच. कारखान्याचे आकडे जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय टायरच्या जमान्यातले आहेत.