वळवता येणारा मायक्रोकॅथेटर: बेंच चाचणी कशी मांडावी?

नळीकाम:
मायक्रोकॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीत सरकवायची बारीक नळी, २.४ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप; बाहेरचा व्यास ०.८ मिमी). टोक ओढून वळवणाऱ्या दोन ओढतारा, त्या मागच्या नॉबला जोडलेल्या, टोक दोन्ही बाजूंना वळतं. टेबलावर सरळ ठेवली की टोक १८० अंश वळतं, सिलिकॉनच्या रक्तवाहिनी मॉडेलमध्ये जेमतेम निम्मं. नॉब फिरवताना आधी काहीच हलत नाही, मग टोक एकदम उडी मारतं. नेमकं काय मोजावं?

बेंचवरून:
सरळ नळीवरचा आकडा निवडीसाठी धरूच नका. ओढतारेचं घर्षण मार्गातल्या वळणांच्या एकूण कोनासोबत घातांकी वाढतं. घर्षणांक ०.२ धरला, तर एकूण ३६० अंशांच्या मार्गात टोकाला तेवढाच ताण पोचवायला नॉबकडे सुमारे साडेतीन पट ताण द्यावा लागतो. तेवढ्या ताणाने तार ताणली जाते, नळी दबते, आणि नॉबचं फिरणं तिथेच खर्ची पडतं. उडीचं कारण स्थिर घर्षण: ते सुटलं की साठलेला ताण एकदम मोकळा होतो.

म्हणून एकूण वळण ०, १८०, ३६० आणि ५४० अंश असे चार मार्ग करा. प्रत्येकात नॉब ५-५ अंशांनी डावीकडे, मग उजवीकडे, अशी निदान तीन आवर्तनं. दर टप्प्याला वरून फोटो. नॉबचा कोन आणि टोकाचा कोन यांच्या आलेखात जाताना-येताना वेगळ्या रेषा, म्हणजे फास दिसेल. दिशा बदलल्यावर टोक हलेपर्यंत नॉब किती फिरला तो मृत पट्टा. माझ्या मते डॉक्टरच्या हाताला जाणवणारी गोष्ट हीच, कमाल कोन नव्हे. हे सगळं गाइडवायर (नळीला वाट दाखवणारी आतली तार) आत ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे करा. वायर आत असली की टोक ताठ होतं.

पॉलिमरवाला:
मॉडेलमधलं पाणी ३७ ± २ अंश सेल्सिअसला ठेवा. गार खोलीत पॉलिमर कडक राहून फसवे आकडे येतात. रक्ताऐवजी ग्लिसरीनचं मिश्रण वापरत असाल तर चिकटपणा ३७ अंशांवरच मोजा. खोलीच्या तापमानाला रक्ताएवढं चिकट केलेलं मिश्रण तापल्यावर पातळ होतं. कोरडं सिलिकॉन नळीला धरून ठेवतं, त्यामुळे द्रवात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाकायचे, दर वेळी तेवढेच. नळीवरचा हायड्रोफिलिक (भिजल्यावर निसरडा होणारा) लेप आधी पूर्ण भिजू द्या. एकच नमुना पुन्हा पुन्हा ढकलला की लेप झिजतो, तेव्हा कितवी फेरी ते नोंदवा.

नळीकाम:
लोडसेल (बल मोजणारा सेन्सर) किती न्यूटनचा? नमुने किती?

बेंचवरून:
नळी ढकलण्याचा जोर मोजायला ५ न्यूटन चालेल. टोकाचा जोर फार कमी असतो, त्याला वेगळा, बारीक क्षमतेचा सेन्सर हवा. मोठ्यावर तो गोंगाटात बुडतो. पास-नापास कसोटीत ९५ टक्के विश्वासाने ९५ टक्के विश्वसनीयता दाखवायची तर ५९ नमुने आणि एकही नापास नाही. तेवढ्याच विश्वासाने ९० टक्के विश्वसनीयतेसाठी २९.

पॉलिमरवाला:
वळवून झाल्यावर टोकाजवळचा भाग भिंगाखाली बघा. नळी चपटी झाली असेल तर आतून कॉइल (रक्तवाहिनीत सोडायचं बारीक तारेचं वेटोळं) जाणार नाही. कोन मात्र तरीही बरोबर दिसेल.